घोडबंदरची पद्मिनी आणि आईची लोकर

मागच्या मे महिन्यात ठाण्यातल्या कासारवडवलीच्या सिग्नलला आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीने वाफ सोडली, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याने लगेच सल्ला दिला, "पाणी टाका ताई." रेडिएटरमध्ये पाणी गळ्यापर्यंत होतं. त्याची वरची टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्या सळीने साफ करणं, झालं होतं, थर्मोस्टॅट नवा, होज नवे. तरी कापूरबावडी ओलांडली की बाबांनी डॅशखाली बसवलेल्या तापमानाच्या मीटरचा काटा उजवीकडे सरकायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा.

परवा रविवारी पुन्हा तोच रस्ता धरला. नौपाड्यातून घोडबंदर किल्ला, वीस-बावीस किलोमीटर. कुणी म्हणेल, याला प्रवास म्हणतात का? १९८६ची गाडी घेऊन एप्रिलमध्ये निघून बघा. मागच्या सीटवर आई, तिच्या पायाशी पाण्याचे दोन कॅन.

माजिवड्यापर्यंत मजेत गेलो. मग मेट्रोचे खांब, गुजरातकडे निघालेले कंटेनर आणि त्यांच्यामध्ये आम्ही, पहिल्या गिअरमध्ये. पद्मिनीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. आजच्या गाड्यांसारखा आपणहून सुरू होणारा विजेचा पंखा नाही. म्हणजे गाडी रांगते, समोरून वारा लागत नाही आणि नेमका तेव्हाच पंखाही संथ. आई मागून म्हणाली, "न्यूट्रलला टाक गं, जरा रेस दे. बाबा द्यायचे." तापलेल्या इंजिनला रेस देणं उलटंच वाटतं. पण पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही वेगाने फिरतात. काटा मागे आला नाही, पण पुढेही गेला नाही.

वर्षभर मी पाण्यामागे लागले होते. घोटाळा हवेचा होता. तो या फेरीआधीच वर्तमानपत्राच्या एका पानाने उघडा पाडला होता. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवायचं आणि रेडिएटरसमोर, जाळीच्या बाजूने, पान सोडायचं. पंखा नीट ओढत असेल तर पान जाळीला चिकटून राहतं. आमचं पान मधोमध चिकटलं आणि चारही कोपरे फडफडत राहिले. पंखा गोल, रेडिएटर चौकोनी, आणि पंख्याभोवती घेर, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कडं, नाही. त्यामुळे तो रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी स्वतःच्या कडेची, इंजिनकडचीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळत होता. वागळे इस्टेटमधल्या पत्र्याच्या एका कारागिराकडून घेर बनवून घेतला. पाती अर्धी घेराच्या आत, अर्धी बाहेर राहतील असा. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढ्या फटी होत्या, त्या रबरी पट्टीने बुजवल्या. हवा आळशी असते हो. बाजूने वाट मिळाली तर ती बारीक नळ्यांमधून कशाला जाईल? समोरचे दोन फॉग लॅम्पही काढले. आई थोडी हिरमुसली, ते बाबांनी हौसेने लावले होते. दुसऱ्या दिवशी पान कोपऱ्यांसकट चिकटलं.

बॉनेटची गंमत सांगायची राहिली. एका मेकॅनिकने मागच्या कडेला बिजागरीखाली वॉशर टाकून फट ठेवली होती, "गरम हवा निघून जाईल" म्हणून. उभ्या गाडीत ती खरंच निघते. पण धावताना? आईच्या टोपलीतली लाल लोकर घेतली, बोटभर धागे कापून त्या फटीच्या काठावर चिकटपट्टीने लावले आणि पहाटे रिकाम्या रस्त्यावर ५०च्या वेगाने गाडी नेली. धागे बाहेर उडतील अशी माझी खात्री होती. सगळे आत ओढले गेले! काचेच्या पायथ्याशी वारा आदळून दाब वाढतो, म्हणून हवा तिथून आत शिरते आणि आतल्या गरम हवेची खालून बाहेर पडायची वाट अडते. वॉशर त्याच दिवशी काढले. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं, ते एकदा तापून वाकलं की खर्चाला अंत नसतो.

गायमुखनंतरचा घाट लहानसाच आहे. एका हाताला जंगल, दुसरीकडे झाडांमधून मधूनच चमकणारी खाडी. दुसऱ्या गिअरमध्ये पद्मिनी घुरघुरत चढली. काटा मध्यावर. मी मीटरकडे इतक्या वेळा बघत होते की आई म्हणाली, "रस्त्याकडे बघ बाई, काटा मी बघते."

किल्ल्यात थोडा वेळ हिंडलो. पोर्तुगीजांचं बांधकाम, वसईच्या मोहिमेत, १७३७ साली, मराठ्यांनी ते घेतलं. बुरुजावर वारा छान होता. खाली गाडीला मात्र नव्हता. उतरून स्टार्टर मारला, दोन खोकले आणि गप्प.

चूक माझीच. तापलेलं इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, पण लोखंडातली उष्णता थांबत नाही. बंद बॉनेटखाली पहिली काही मिनिटं गरमी उलट वाढते. पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला, टाकी पार मागे. त्या लांब नळीतलं पेट्रोल पंपाच्या ओढीखाली असतं, म्हणून गरम झालं की लवकर उकळतं, आणि वाफ पंपाला खेचता येत नाही. व्हेपर लॉक. पोचल्या पोचल्या बॉनेट उघडायचं, हे मला ठाऊक होतं. पण सावली शोधण्याच्या नादात राहून गेलं.

आईने पर्समधून नॅपकिन काढला, कॅनमधल्या पाण्यात भिजवला, न पिळता माझ्या हातात दिला. पंपावर ठेवला तसा चर्र आवाज आला. दुसऱ्यांदा भिजवून ठेवला तेव्हा नाही आला. दहा मिनिटं आम्ही बंपरला टेकून कलिंगड खाल्लं. मग चोक न ओढता, अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरून स्टार्टर मारला.

परतताना पातलीपाड्याला पुन्हा जाम. आई झोपली होती. बॉनेटच्या काठावर लाल लोकरीचा एक धागा राहून गेला होता, तो अजिबात हलत नव्हता. मी न्यूट्रलला टाकून जरा रेस दिली.