चौदाशेवर अडलेला बूस्ट

गाडी म्हणजे जुनी स्कोडा ऑक्टाविया आरएस. १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, नवी असताना १५० पीएस. टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) वेळेवर जागा होतो, पण पुढे जोर धरत नाही. स्कॅनरवर पी ०२९९, म्हणजे मागितला तेवढा बूस्ट, टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, मिळत नाही. हा कोड दिसला की थेट नवा टर्बो सुचवणारे हटकून भेटतात. कोड फक्त दाब कमी आहे एवढंच सांगतो. का कमी आहे, ते बूस्टच्या आलेखावर शोधायचं.

पहाटे, रिकाम्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, घेतला. स्कॅनरच्या ब्लॉक ११५ मध्ये (आकड्यांचा एक ठरलेला गट) मागितलेला आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी दिसतो. आकडे निरपेक्ष दाबाचे, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, मिलिबारमध्ये. इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन दिलं की तिथे बाहेरच्या हवेचा दाब दिसायला हवा: पुण्यात साधारण ९५०, मुंबईत १०१० च्या आसपास. मुंबईकरांनी आपले आकडे ताडताना हा फरक लक्षात घ्या, नाहीतर उगाच घाबराल.

मागणी १६००, मिळतात १४००. पण कसे? रेघ झपकन वर चढते आणि मग सपाट होते. वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोला वळसा घालून धूर बाहेर सोडणाऱ्या दाराचा, फ्लॅप नीट बसत नसता तर टर्बो मुळात उशिरा जागा झाला असता. मोठी गळती असती तर दाब असा एका जागी ठरला नसता, आरपीएमबरोबर हलला असता. सपाट रेघेचा अर्थ बहुधा एकच: बूस्ट निव्वळ ॲक्चुएटरच्या (दाब आला की रॉडनं तो फ्लॅप उघडणारी डबी) स्प्रिंगवर चाललाय, इंजिनच्या संगणकाचा त्यावर ताबा नाही.

म्हणून मोर्चा एन ७५ व्हॉल्व्हकडे; संगणक याच्याच मदतीनं बूस्ट ठरवतो. त्याला तीन नळ्या: एक कंप्रेसरकडून (टर्बोची हवा दाबणारी बाजू) दाब आणते, एक ॲक्चुएटरकडे जाते, तिसरी टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपात दाब सोडते. बूस्ट वाढवायचा तर संगणक ही तिसरी वाट उघडतो. ॲक्चुएटरवरचा दाब उतरतो, फ्लॅप मिटलेला राहतो. ब्लॉक ११८ मध्ये ड्यूटी, म्हणजे व्हॉल्व्हला दिलेला हुकूम, नव्वद टक्क्यांच्या वर गेलेली, म्हणजे बिचारा संगणक आपल्या परीनं सगळं करत होता. आउटपुट टेस्टमध्ये (स्कॅनरवरून व्हॉल्व्ह चालवून पाहताना) व्हॉल्व्ह टकटक वाजत होता, शिवाय कॉइलचा रोधही ठीक. दोषी निघाली तिसरी नळी. तेलाच्या वाफेनं रबर लिबलिबीत होऊन वळणावर चपटं झालेलं, फुंकर मारली तरी हवा पलीकडे जाईना. वीस वर्षांच्या रबराकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार? नवी, तेल सोसणारी आणि जाड भिंतीची नळी टाकली.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. पुढच्या लॉगमध्ये बूस्ट क्षणभर १८५० वर उसळला, पी ०२३४, म्हणजे जास्त बूस्टचा कोड, आला आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे जपून, कमी ताकदीवर. आधी बूस्ट कमी, आता जास्त! ॲक्चुएटरला गेज असलेला हातपंप लावला. रॉड ०.४ बारला हलू लागतो. मित्राच्या तशाच गाडीत ०.३ च्याही आत हलतो. कधीतरी कुणीतरी बूस्ट कमी म्हणून रॉडचा नट आवळून ठेवला होता. नळी तुंबलेली असेपर्यंत ते खपून गेलं. मला ही सवय मुळीच पटत नाही: मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या माणसाला दोन दोष एकदम सोडवावे लागतात.

लॉकनट ढिला करून रॉड अर्ध्या अर्ध्या आट्यानं सोडत मित्राच्या आकड्यावर आणला. रॉड फिरवताना क्लिप काढून तो लिव्हरपासून मोकळा करा, नाहीतर आतला पडदा पिळला जाऊन फाटतो. आता मागणी आणि मिळकत यांत पन्नासएक मिलिबारचा फरक आहे, उसळी जवळपास नाही.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर मात्र अजून बारीक फुरफुर ऐकू येते. संशय डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या (ॲक्सिलरेटर सोडल्यावर साठलेला बूस्ट परत इनटेककडे वळवणारा) पडद्यावर आहे. पीव्हीसी पाइपच्या टोपीला टायरचा व्हॉल्व्ह बसवून गळती शोधायचा प्रेशर टेस्टर केलाय. ब्रीदरची (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणारी) नळी बंद करून ०.५ बारपर्यंतच हवा भरणार, वर साबणाचं पाणी. ब्रीदर उघडा राहिला तर दाब क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल सील बसतात बोंबलत.