तुम्ही विचारलेत म्हणून: जुन्या स्पेक्ट्रमला मेमरी कार्ड

माळ्यावर किंवा जुन्या कपाटात झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक सापडला, की कोणीतरी माझे नाव सुचवते आणि मग ठरलेला प्रश्न येतो: ‘संगणक चालू होतो, पण कॅसेटवरून काही लोड होत नाही. फार खर्च न करता याला मेमरी कार्ड लावता येईल का?’ लावता येते, आणि खर्चही आवाक्यातला असतो. तरीही माझे उत्तर विचारणाऱ्याला जरा निराश करते, कारण मी आधी अ‍ॅडॉप्टरची चौकशी करते, मग कीबोर्डची, मग घरात राहिलेल्या कॅसेटांची, आणि कार्डाचा विषय सर्वांत शेवटी काढते. या क्रमात पैसे वाचतात असे माझे मत आहे. कार्डाची सोय आधी विकत घेऊन नंतर संगणकाच्या दुरुस्तीला लागलेल्यांचा खर्च जवळजवळ नेहमीच वाढलेला मी पाहिला आहे.

सिंक्लेअर रिसर्च या ब्रिटिश कंपनीने स्पेक्ट्रम एप्रिल 1982 मध्ये बाजारात आणला. 3.5 मेगाहर्ट्झचा झेड80ए प्रोसेसर, 48 किलोबाइट स्मृती आणि पडदा म्हणून घरातला दूरदर्शन संच, एवढाच त्याचा संसार होता. 1984 मध्ये त्याचीच कठीण कळांची आवृत्ती, म्हणजे स्पेक्ट्रम प्लस, आली आणि पुढे आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. आपल्याकडे सापडणाऱ्या स्पेक्ट्रमवर हे नाव असण्याचा संभव बराच असतो. आतून तो 48 किलोबाइटचा स्पेक्ट्रमच आहे, त्यामुळे पुढचे सारे त्यालाही लागू पडते. त्यात फ्लॉपी नव्हती, हार्ड डिस्क तर नव्हतीच. होती ती फक्त मागच्या बाजूला ‘इअर’ आणि ‘माइक’ अशी दोन सॉकेट, आणि सारा भरवसा घरच्या टेपरेकॉर्डरवर.

काटकसरीचा मार्ग याच ‘इअर’ सॉकेटमधून जातो. कॅसेटवरचा कार्यक्रम म्हणजे चिरका आवाज असतो. त्यातला आखूड स्पंद म्हणजे शून्य आणि दुप्पट लांबीचा स्पंद म्हणजे एक. सेकंदाला सरासरी सुमारे दीड हजार बिट या वेगाने संगणक ते ऐकतो, म्हणून केवळ सुरुवातीचे 6912 बाइटचे चित्र पडद्यावर उमटायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो आणि मोठा खेळ चढायला चार-पाच मिनिटे. संगणकाला फक्त तो आवाज हवा असतो. तो कोठून येतो याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

पण आवाजाकडे वळण्याआधी अ‍ॅडॉप्टर. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनची रचना आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांच्या उलट आहे: मधला भाग ऋण, बाहेरचा धन. दुकानात ‘9 व्होल्टचा द्या’ एवढेच सांगून आणलेला अ‍ॅडॉप्टर म्हणूनच धोक्याचा. मुख्य सर्किट पट्टीवरच्या खालच्या 16 किलोबाइट स्मृतीसाठी 4116 जातीच्या आठ चिप असतात आणि त्यांना 5 व्होल्टबरोबरच 12 आणि उणे 5 व्होल्टही लागतात. हे जास्तीचे दाब तयार करणारा छोटा भाग बिघडला की त्या चिपही जातात, आणि आज त्या मिळवणे व बदलणे हेच खरे खर्चाचे काम आहे. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्यावेत आणि मागच्या एज कनेक्टरचे, म्हणजे बाहेरची साधने जोडण्याच्या कडेचे, सोनेरी पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. कळांखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा इतक्या वर्षांत ठिसूळ होऊन त्याच्या पट्ट्या तुटतात; तोही नवीन मिळतो. या तीन गोष्टी झाल्याशिवाय कार्डावर एक रुपयाही घालू नये.

पहिला उपाय जवळजवळ फुकटचा आहे. हाताशी असलेला फोन, कार्यक्रमाची वेव्ह स्वरूपातली ध्वनिफीत आणि दोन्ही टोकांना 3.5 मिलिमीटरची पिन असलेली मोनो वायर एवढ्यावर काम होते. ‘जे’ ही कळ दाबल्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द पडद्यावर येतो, पुढे दोन अवतरणचिन्हे द्यायची, एंटर करायचे आणि फोनवर फीत सुरू करायची. चित्राभोवतीच्या चौकटीत प्रथम लाल आणि आकाशी रंगांचे जाड पट्टे संथपणे सरकू लागतात, मग निळे आणि पिवळे बारीक पट्टे थरथरू लागतात, आणि हे निळे-पिवळे दिसले की संगणकाला आवाज कळतो आहे असे खुशाल समजावे. फोनचा आवाज पूर्ण वाढवावा, त्यातले ध्वनी सुधारणारे सगळे पर्याय बंद करावेत आणि फोन विमान-स्थितीत ठेवावा, कारण चौथ्या मिनिटाला एखादा निरोप ‘टिंग’ करून आला तर पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ उमटते आणि पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. काही फोनांचा आवाज मुळातच क्षीण असतो. अशा वेळी पीएएम 8403 चिपचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मध्ये घालावा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो किरकोळ किमतीत मिळतो.

फोन अडकवून ठेवण्याचा कंटाळा येणाऱ्यांसाठी दुसरा उपाय टीझेडएक्सडुइनोचा. अर्डुइनो नॅनो ही छोटी नियंत्रक पट्टी, कार्ड वाचणारी पट्टी, दोन ओळींचा एलसीडी, चार-पाच बटणे आणि वर सांगितलेला अ‍ॅम्प्लिफायर एकत्र केले की कार्डावरच्या फायलींमधून कॅसेटचा आवाज जागच्या जागी तयार करणारा डबा होतो. सुटे भाग बाजारात हिंडून घेतले तर साधारण हजार रुपयांच्या आत बसतो आणि सोल्डरिंग शिकणाऱ्याला हात साफ करून घ्यायला उत्तम आहे. वेग मात्र कॅसेटचाच राहतो, कारण ऐकण्याचा वेग संगणकाचा आहे. माझ्या मते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जुना खेळ लावून बघणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. ती चार मिनिटे थांबणे ही त्या काळाची चव होती असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

तिसरा उपाय म्हणजे लोकांच्या मनात ‘मेमरी कार्ड’ म्हणताना जो असतो तो: डिव्हएमएमसी. ही मागच्या एज कनेक्टरमध्ये बसणारी पट्टी असून तिच्यात 8 किलोबाइटचा स्वतःचा रॉम (कायमची स्मृती), थोडी रॅम (तात्पुरती स्मृती) आणि एसडी कार्डाची खाच असते. तिच्या रॉममध्ये ईएसएक्सडॉस ही कार्डावरच्या फायली हाताळणारी प्रणाली असते. तिची करामत पाहण्यासारखी आहे. स्पेक्ट्रमच्या मूळ रॉममध्ये कॅसेटवरून वाचण्याचे काम ठरावीक पत्त्यावर सुरू होते. प्रोसेसर 1378 या पत्त्यावरची आज्ञा उचलायला आला, की ही पट्टी मूळ रॉम बाजूला सारून आपला रॉम पुढे करते आणि कॅसेटऐवजी कार्डावरची फाइल त्याच्या हाती देते. लिहिण्याच्या बाबतीत हेच 1222 या पत्त्यावर घडते. बेसिक भाषेत कार्यक्रम लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. तो नेहमीप्रमाणे ‘लोड’ म्हणतो आणि पाच मिनिटांचे काम दोन-तीन सेकंदांत होते. पट्टीवरचे बटण दाबले की फायलींची यादी उघडते, आणि रोजच्या वापरात मी बहुतेक वेळा तेच दाबते.

या करामतीतच तिची मर्यादाही आहे. 1980च्या दशकात चोरून प्रती काढणाऱ्यांना रोखण्यासाठी किंवा वेळ वाचवण्यासाठी अनेक कंपन्यांनी खेळांमध्ये स्वतःचा लोडर, म्हणजे कॅसेटवरून खेळ चढवणारा भाग, घातला होता. तो मूळ रॉमच्या त्या पत्त्यांकडे फिरकतच नाही, म्हणून पट्टीला मध्ये पडायची संधी मिळत नाही आणि खेळ खऱ्या कॅसेटची वाट पाहत बसतो. अशा खेळांच्या स्मृतीची जशीच्या तशी प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, कार्डावर ठेवावी लागते; ते न जमले तर टीझेडएक्सडुइनो आहेच, कारण तो आवाजच देत असल्यामुळे त्याला कोणताही लोडर चालतो. म्हणून महाग वस्तू आल्यावर स्वस्त वस्तू विकून टाकू नये असे मी सांगते.

कार्ड कोणते घ्यावे, हा प्रश्न मात्र अगदी सोपा आहे: घरात पडलेले सर्वांत लहान. 48 किलोबाइटचा एक कार्यक्रम धरला तर 2 गिगाबाइटच्या कार्डावर चाळीस हजारांहून अधिक मावतात, आणि इतके खेळ एका जन्मात खेळून होणार नाहीत. 32 गिगाबाइटपेक्षा मोठी कार्डे ज्या स्वरूपात येतात ते ईएसएक्सडॉसला वाचता येत नाही. कार्ड फॅट16 किंवा फॅट32 स्वरूपाचे हवे. कार्डावरच्या ईएसएक्सडॉसच्या फायली आणि पट्टीच्या रॉममधली आवृत्ती एकच असली पाहिजे, नाहीतर सुरू होतानाच तक्रार येते आणि माणूस उगाच कार्ड खराब आहे असे समजून दुसरे आणायला धावतो.

पट्टी विकत घ्यावी की स्वतः बनवावी? आराखडे उपलब्ध आहेत आणि छापील पट्टी आता स्वस्तात बनवून मिळते. परंतु त्यातली मुख्य चिप बारीक पायांची असते, तिच्यात माहिती भरायला वेगळे साधन लागते, आणि एकाच पट्टीसाठी हा सारा सरंजाम उभा केला तर तयार पट्टीइतकाच खर्च येतो. ज्याच्याकडे ते साधन आधीपासून आहे त्याने अवश्य बनवावी. बाकीच्यांनी विकत घ्यावी. परदेशातून मागवताना पट्टीच्या किमतीइतकेच कुरिअर आणि आयात शुल्क अंगावर येऊ शकते, म्हणून दोघा-तिघांनी मिळून मागणी नोंदवावी. फारच स्वस्त पट्टी दिसली तर विक्रेत्याला एकच विचारावे, की संगणकाचे 5 व्होल्ट कार्डाच्या 3.3 व्होल्टवर कसे आणले आहेत. उत्तर नीट आले नाही तर पुढे जाऊ नये.

ही पट्टी संगणक चालू असताना कधीही घालू वा काढू नये. एज कनेक्टरवर प्रोसेसरच्या तारांच्या शेजारीच 9 आणि 12 व्होल्टच्या तारा आहेत. पट्टी जराशी तिरकी झाली तरी नको तेथे नको तो दाब पोहोचतो, आणि 4116 चिपांची वर सांगितलेली कथा तेथून सुरू होते. कनेक्टरमध्ये चुकीच्या जागी बसू नये म्हणून अडसराची खूण असते, तीही एकदा तपासावी. तुमच्याकडे नंतरचे प्लस टू-ए किंवा प्लस थ्री असेल, तर त्यांच्या मागच्या तारांची मांडणी वेगळी असल्यामुळे पट्टी त्यांना चालते का हे आधी विचारून घ्यावे.

आता कॅसेटांविषयी, ज्यांच्याबद्दल मला कोणी आपणहून विचारत नाही. बाजारातले खेळ कोठेही मिळतात. घरात कोणी लिहिलेले कार्यक्रम फक्त त्या कॅसेटवर असतात. माझ्या थोरल्या भावाने शाळेत असताना स्पेक्ट्रमवर देवनागरी अक्षरे बसवली होती. या संगणकात वापरणाऱ्याला स्वतः आखता येतील अशा अक्षरांच्या फक्त 21 जागा आहेत, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांची, आणि आपली वर्णमाला तेवढ्यात बसत नाही. त्याने वरची ओळ पूर्ण भरून शिरोरेषा काढली, त्यामुळे शेजारची अक्षरे आपोआप जोडली जात. मात्रा अक्षरावरच छापण्यासाठी त्याने ‘ओव्हर 1’ वापरले. ही आज्ञा भरलेल्या ठिपक्यावर पुन्हा ठिपका पडला की तो पुसते, म्हणून मात्रेच्या आकृतीत शिरोरेषा मुद्दाम वगळलेली आहे. त्याच्या कार्यक्रमाची यादी आज वाचताना हे लक्षात येते, आणि ती वाचायला मिळाली ती केवळ कॅसेट वेळेवर उतरवून घेतली म्हणून.

उतरवणे अवघड नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या सॉकेटमधून आजच्या संगणकाच्या ध्वनिनिवेशात वायर घालावी, वेव्ह स्वरूपात ध्वनिमुद्रण करावे आणि त्याची टॅप फाइल, म्हणजे कॅसेटवरच्या मजकुराची फाइल, करणाऱ्या मोफत प्रणालींपैकी एखादीतून ते काढावे. ती फाइल टीझेडएक्सडुइनोही वाजवतो आणि डिव्हएमएमसीही वाचते. बहुतेक वेळा अडते ते फीत वाचणाऱ्या हेडच्या कोनापाशी. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या यंत्राचा कोन यांत फरक असतो आणि आवाज दबका येतो. हेडच्या बाजूला स्प्रिंगवरचा एक बारीक स्क्रू असतो. फीत चालू ठेवून तो अगदी किंचित, आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवत जावे, आणि आवाज सर्वांत धारदार ऐकू येईल तेथे थांबावे. प्रत्येक कॅसेटसाठी हे नव्याने करावे लागते, कारण प्रत्येक कॅसेट त्याच यंत्रावर भरलेली असेलच असे नाही. तेवढ्यासाठी चालू स्थितीतला एक साधा, एकाच स्पीकरचा टेपरेकॉर्डर जपून ठेवावा. जुन्या बाजारात तो अजून मिळतो, पण घेताना त्याचा रबरी पट्टा सैल नाही ना हे फीत वाजवून पाहावे, कारण वेग डळमळला तर स्पंदांच्या लांबीतला फरक कोणत्याही प्रणालीला ओळखता येत नाही.