ती कमेंट कुठे गेली?

सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, म्हणून निर्धास्तपणे कोडमधला बदल रिव्ह्यूला टाकला. थोड्याच वेळात सहकारीचा मेसेज आला, "अरे, या ओळीवरची कमेंट कुठे गेली?" कमेंट म्हणजे कोडमध्ये वाचणाऱ्या माणसांसाठी लिहिलेली टीप.

काम तसं सरळ होतं. आमच्या पायथॉन रेपोतलं (म्हणजे कोडच्या साठ्यातलं) एक जुनं फंक्शन टाइमआउट सेकंदांत घ्यायचं, ते आता मिलिसेकंदांत घेणार होतं. शेकडो कॉल, म्हणजे ते फंक्शन वापरलेल्या जागा, बदलायचे होते. रेजेक्सचा, म्हणजे मजकुराचा नमुना शोधून बदलण्याचा, नाद लगेच सोडला. एकच कॉल चार ओळींवर पसरला की ते गडबडतं, आणि स्ट्रिंगमध्ये तेच नाव आलं तर तिथेही हात घालतं. मग पायथॉनसोबतच येणारं एएसटी मॉड्यूल घेतलं, ते कोडच्या रचनेचं झाड बनवतं. पायथॉन ३.९ पासून त्यात झाडाचा पुन्हा कोड करणारं अनपार्स आहे, म्हणजे झाड बनवा, बदला, पुन्हा कोड छापा. वेगळं काही इन्स्टॉल करायला नको, याचंच मला जास्त आकर्षण होतं.

मेसेज वाचून डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकांची यादी, नीट उघडला आणि पोटात गोळा आला. कॉल शेकडो, पण बदललेल्या ओळी हजारो. दुहेरी अवतरणांची एकेरी झालेली. फाइलच्या परवानग्यांसाठी ऑक्टलमध्ये (आठच्या पायावरच्या आकड्यांत) लिहिलेलं ७५५ आता नेहमीच्या दशमान पद्धतीतलं ४९३ झालं होतं. किंमत तीच, म्हणून टेस्ट गप्प. पण ४९३ वाचून कुणाला परवानग्या कळणार? आणि कमेंट तर एकही उरली नव्हती. एएसटीच्या झाडात कमेंटला जागाच नसते. जी गेली होती ती अशी: "३० पेक्षा कमी करू नका, बॅकअप चालू असताना समोरचा सर्व्हर अडकतो." कुणीतरी रात्र जागून शोधलेली ती गोष्ट मी एका कमांडने पुसली होती.

दुपारी लिबसीएसटी ही वेगळी लायब्ररी घेतली. त्याच्या झाडात स्वल्पविराम, रिकामी जागा, कमेंट सगळं असतं. त्यामुळे झाड अवजड होतं आणि शिकायलाही वेळ लागतो, तरी कोड बदलायचा असेल तर मी आता तेच घेईन. एका अक्षराचाही बदल करण्याआधी सगळा रेपो त्यातून वाचून तसाच परत लिहिला. बाइटला बाइट जुळलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. ही चाचणी मी सकाळीच करायला हवी होती. (कोड कोऱ्या फाइलीत नव्यानेच तयार करायचा असेल, तर अनपार्स आणि वर मांडणी नीट करणारा एक फॉरमॅटर पुरतो, तिथे हरवायला काहीच नसतं.)

काही फाइली पायथॉन २ च्या जमान्यातल्या निघाल्या. लिबसीएसटी त्या वाचेना. तिथे ट्री-सिटर हे कोड वाचणारं दुसरं साधन कामी आलं. चुकीच्या ओळीवर ते थांबत नाही. मात्र ते परत कोड छापून देत नाही, जागा दाखवतं आणि मजकूर आपणच बदलायचा. एका फाइलीत बदल भलत्याच शब्दाच्या मधोमध जाऊन बसला. बराच वेळ डोकं खाजवल्यावर दिसलं, की वर देवनागरी मजकूर होता. ट्री-सिटर बाइट मोजतं, मी अक्षरं मोजत होतो, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं.

संध्याकाळी नवा डिफ पाठवला. बदललेले कॉल तेवढेच दिसत होते, कमेंट जागच्या जागी. सहकारीने पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवलं, "कोडमध्ये ३०००० आहे आणि कमेंट अजून ३० म्हणतेय."

अशा कमेंट कुठलीच लायब्ररी बदलून देणार नव्हती. आम्ही दोघांनी बसून त्या एकेक वाचल्या आणि हाताने दुरुस्त केल्या.