तुरळक पावसाचा गुरुवार

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगावात एका शेतकरी गटाचं काम बघते, शिक्षण बीएस्सी ॲग्री. दर मंगळवारी संध्याकाळी आठवड्याचा हवामान अंदाज ग्रुपवर टाकायचा हे त्यातलंच एक काम. अंदाज माझा नसतो, हवामान खात्याचं जिल्ह्याचं कृषी बुलेटिन मंगळवारी आणि शुक्रवारी येतं पुढच्या पाच दिवसांचं, त्यातलं आपल्या कामाचं तेवढं काढून चार ओळीत लिहायचं. आता जिल्हा एक म्हटला तरी शिराळ्याचा पाऊस वेगळा आणि आटपाडी-जतचा वेगळा, त्यामुळे त्या चार ओळी लिहायला कधीकधी तासभर जातो.

एप्रिलमधली गोष्ट. त्या मंगळवारी मी लिहिलं होतं, "गुरुवार-शुक्रवार तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वारा ताशी ४० ते ५० किमी, यलो अलर्ट." खात्याचेच शब्द होते, मी जसेच्या तसे ठेवले.

गुरुवारी दुपारी सावळजच्या बाजूला एका आबांच्या शेडवर गेले होते, बेदाण्याचं सॅम्पल घ्यायला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, द्राक्षं डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात आणि सावलीत बारा-पंधरा दिवस वाळवतात. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. शेडला वर कागद असतो पण बाजू मोकळ्या, वारा खेळायला पाहिजे ना. सरळ पडणाऱ्या पावसाला शेड दाद देत नाही, आडव्या पावसापुढं मात्र काही चालत नाही.

आबांचा माल नवव्या दिवसावर होता, हिरवागार, बघून मन भरलं. पण बाजूच्या ताडपत्र्या सगळ्या घडी करून खोलीत. मी म्हटलं आबा, आज पावसाचं सांगितलंय की. तर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिवलंय न्हवं, तुरळक पाऊस. तेवढ्या शिंतोड्याला काय हुतंय? उलट वारं लागू दे म्हणून काढल्या."

माझ्या पोटात धस्स झालं. खात्याच्या भाषेत तुरळक हा शब्द जागेसाठी आहे हो. तुरळक ठिकाणी म्हणजे जिल्ह्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०, आणि असं चढत बहुतांश म्हणजे ७५ च्या वर. पाऊस किती जोराचा पडणार ते त्यात कुठंच नाही. ज्या एका गावावर पडेल तिथं गारांसकट झोडपून काढेल आणि शेजारच्या गावात नुसती धूळ उडेल. वळीव असाच असतो हे आबांना माझ्यापेक्षा जास्त माहिती, साठ वळीव बघितलेत त्यांनी, पण माझ्या मेसेजमधला शब्द त्यांनी आपल्या बोलीतल्या अर्थानं घेतला आणि त्यात त्यांची काय चूक?

बाहेर येऊन बघितलं तर दंडोबाच्या डोंगराकडं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग एकावर एक चढत होते, सकाळपासून नुसता उकाडा, वाऱ्याची झुळूक नाही. जमीन तापून वर जाणारी हवा आणि समुद्राकडून आलेलं बाष्प एकत्र आलं की तासा-दीड तासात असा ढग कित्येक किलोमीटर उंच होतो. त्याच्या पोटातला वर चढणारा वारा पाण्याचे थेंब वर गोठवतो, खाली आले की परत वर फेकतो, प्रत्येक फेरीला बर्फाचा एक थर, त्याच आपल्या गारा. ढगाचा तळ काळा-निळा दिसायला लागला आणि मी फोनवर दामिनी ॲप उघडलं, आसपास कुठं विजा पडतायत ते दाखवणारं, वीस ते चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात विजा दाखवत होतं.

मग आबा, त्यांचा मुलगा, चार बायका आणि मी असे सगळे ताडपत्र्या बांधायला लागलो. मी प्रत्येक लखलखाट झाला की मोजत होते, कडाडायला लागलेले सेकंद भागिले तीन म्हणजे किलोमीटर. पहिल्यांदा छत्तीस. दोन बाजू झाल्या. तिसरी निम्मी झाली आणि तेवढ्यात अचानक गार वारा आला, मातीचा वास, धुळीचा लोट, ढगातनं खाली कोसळणारी थंड हवा पावसाच्या आधी पळत येते ती ही. परत वीज. एकवीस. म्हणजे सात किलोमीटर, आणि वीज दहा किलोमीटरवरून सुद्धा येऊन पडते.

चौथी बाजू, नेमकी वाऱ्याकडची, उघडीच होती. आबा म्हणाले दहा मिनिटं द्या. सगळा सांगाडा लोखंडी, रॅकच्या तारा लोखंडी आणि बायका त्यालाच धरून उभ्या. मी ओरडलेच, आबा, सगळ्यांनी खोलीत चला, आत्ता. क्षणभर ते माझ्याकडं बघत राहिले, वर्षाचं पीक होतं ते. मग स्वतःच म्हणाले, "चला गं बायांनो." आंब्याखाली बांधलेली म्हैस मुलानं पळत जाऊन सोडून आणली.

पाच-सात मिनिटांत गारा. पत्र्यावर असा आवाज की शेजारचं बोलणं ऐकू येईना. पाऊस आडवा घुसत होता आणि आम्ही खिडकीतनं नुसतं बघत होतो. वीस मिनिटांत सगळं शांत, ऊनसुद्धा पडलं. उघड्या बाजूचे दोन रॅक भिजले होते, तो माल काळपट पडला आणि सौद्यात त्याचा दर उतरला. बाकीचा वाचला. पलीकडच्या एका शेडचा मात्र कागदच फाटला, तिथं बघवत नव्हतं. घरी तासगावात फोन केला तर आई म्हणाली, पाऊस कसला, नुसती धूळ आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पलीकडच्या शेडवाल्यानं पण माझाच मेसेज वाचला असेल का, हेच डोक्यात. शुक्रवारी सकाळी नवीन मेसेज लिहिला, "आजही वळीव येऊ शकतो. सगळ्या गावांत येणार नाही, पण ज्या गावात येईल तिथं जोरात येईल, वारा आणि गारा धरून. कुठल्या गावात ते आज दुपारपर्यंत कुणीच सांगू शकत नाही, म्हणून शेडच्या बाजू दोनच्या आत बांधा. गडगडाट ऐकू आला की लोखंड सोडून पक्क्या घरात जा."

दुपारी एक वाजता आबांचा फोटो आला ग्रुपवर. चारी बाजू बांधलेल्या. त्यादिवशी आमच्या बाजूला थेंबही पडला नाही आणि कुणी एका शब्दानं काही बोललं नाही.