टँकरचं पाणी, आईची शहाबादी आणि कॉर्डलेस मॉप

इलेक्ट्रिक मॉप घेऊ का असं मला आता सोसायटीत बरेच जण विचारतात आणि मी त्यांना आधी एकच विचारते, तुमच्याकडे पाणी कुठलं येतं? लोकांना वाटतं बॅटरी किती चालते, किंमत किती, कंपनी कुठली हे महत्त्वाचं. ते आहेच, पण एकच मशीन मी पुण्यात धायरीला आमच्या फ्लॅटमध्ये वापरते आणि तेच उचलून नारायण पेठेत आईकडेही नेते, आणि दोन्हीकडे ते इतकं वेगळं वागतं की शेवटी सगळं येऊन थांबतं ते पाण्यावर आणि फरशीवर.

आमचा मॉप साधा आहे. खाली दोन गोल चकत्या उलटसुलट फिरतात, त्यांना वेल्क्रोने मायक्रोफायबरचे पॅड चिकटवायचे, दांड्यावर ३५० मिलीची पाण्याची टाकी आणि एक बटण, दाबलं की पुढे फवारा उडतो. लिथियम आयन बॅटरी, फुल चार्जवर अर्ध्या तासाच्या आसपास चालते, दोन बेडरूमच्या घराला पुरते. दुसरा एक प्रकार मिळतो ज्यात रोलर असतो आणि घाण पाणी मशीनच ओढून वेगळ्या टाकीत घेतं, तो बराच महाग आणि जड, म्हणून तो नको. मला मॉप घ्यायचा होता तो आईचा विचार करून. तिचे गुडघे गेलेत, खाली बसून पुसणं बंदच झालं होतं, पण फरशी रोज पुसलेली हवीच, आणि भरलेली बादली उचलायला गेली की माझा जीव वर यायचा. म्हणून हलका, बादली न लागणारा, तिला एका हाताने ढकलता येईल असा.

पहिली गोष्ट, हा मॉप केर काढत नाही. जाहिरातीत दाखवतात तसं काही सांडलेलं गायब वगैरे होत नाही, आधी झाडू मारायलाच लागतो आणि तोही नीट. आमच्या आजूबाजूला तिन्हीकडे बिल्डिंगची कामं चालू आहेत, सकाळी झाडलं तर दुपारी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ, आणि अशा धुळीवर डायरेक्ट मॉप फिरवला की चिखलाचा पातळ थर सगळीकडे सारखा पसरतो. केस राहिले तर ते चकतीच्या दांड्याला गुंडाळले जातात, मग मशीन घुं घुं करायला लागतं, अशा वेळी बंद करून उलटं करायचं आणि कात्रीने कापून काढायचे. झाडलं की मात्र काम मजेशीर आहे. पॅड आधी नळाखाली ओले करून पिळून लावायचे, कोरडे लावले तर अडखळतात. दाबायचं नाही, चकत्या स्वतःच पुढे ओढतात, आपण फक्त दिशा द्यायची आणि मागे मागे येत पुसायचं म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. कोपऱ्यात गोल चकती पोचत नाही हे खरंच आहे, तिथे आणि स्कर्टिंगला फडकं लागतंच, त्याला इलाज नाही.

आता पाण्याचं. आमच्या हॉलची टाइल गडद चॉकलेटी ग्लॉसी, आणि सुरुवातीला पुसून वाळलं की उन्हात बघितलं तर पांढुरके गोल गोल पट्टे. पॅड नवीन, पाणी स्वच्छ, तरी पट्टे. मग लक्षात आलं की हे पट्टे म्हणजे घाण नाहीच, क्षार आहेत. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर आणि बोअर, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर, पाणी उडून जातं आणि ते फरशीवर राहतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस, म्हणजे याच क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, आमच्या बोअरचा रिपोर्ट त्या ६०० च्याही वर. आईकडे खडकवासला धरणाचं कॉर्पोरेशनचं पाणी, तिथे तोच मॉप, तेच पॅड, आणि पट्ट्यांचा पत्ता नाही.

यात एक गोष्ट आवर्जून सांगते कारण पुण्यात बऱ्याच घरांत हे चालतं. आरओचं वेस्ट पाणी बादलीत साठवायचं आणि त्याने फरशी पुसायची. पाणी वाचवायला ही पद्धत उत्तम आहे, आम्हीही ते संडास धुवायला वगैरे वापरतो, पण मॉपच्या टाकीत ते पाणी घालू नका. आरओ जे क्षार बाजूला काढतो ते सगळे त्या वेस्टमध्येच उतरलेले असतात म्हणजे ते नळाच्या पाण्याहूनही जास्त खारट. उलट टाकी एवढीशी, दोन पेले पाणी, तर मी सरळ आरओचं प्यायचंच पाणी घालते. आणि एप्रिल मेमध्ये एसीच्या पाइपखाली जे पाणी जमतं ते तर त्याहून भारी, हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतातच. गाळून घेतलं की झालं. या एका बदलाने आमच्या हॉलचे पट्टे गेले.

फवाऱ्याचं भोकही याच क्षारांनी बुजतं. आधी धार वाकडी होते, मग थेंब थेंब, मग बंद. मोटार गेली म्हणून रिपेअरला टाकायच्या आधी हे करून बघा. लिंबूसत्व किराणा दुकानात मिळतं, कोमट पाण्यात छोटा चमचाभर विरघळवून टाकीत भरायचं, मॉप बाथरूममध्ये नेऊन फवारा बादलीत सोडायचा, थोडं सोडून बंद, थोडा वेळ थांबायचं, परत सोडायचं. खडू विरघळल्यासारखं पांढरट पाणी येतं आणि धार मोकळी होते. मग दोनदा साध्या पाण्याने टाकी फ्लश. सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि फवाऱ्याची नुसती पिचकारी होते.

आणि हे लिंबूसत्व बादलीतच सोडा म्हणतेय त्याला कारण आहे. आईच्या घरी स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी शहाबादीची, ओटा कडप्प्याचा, आणि हे दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड काहीही आंबट पडलं की दगड खातं, आधी फेस येतो आणि मग तिथे कायमचा खरखरीत फिका डाग. कोटा आणि मार्बल, तेही तसेच. व्हिट्रिफाइड टाइलला याने एवढं काही होत नाही पण तिच्या जॉइंटमधलं सिमेंट ॲसिडने भुसभुशीत होतं, त्यामुळे काळे पडलेले जॉइंट ॲसिडने उजळायचा नाद तिथेही नको.

शहाबादीवर मॉप चालतो का तर पॉलिश केलेल्यावर चालतो, आईच्या गॅलरीत जी खडबडीत आहे तिच्यावर नाही. दगडांच्या कडा वरखाली, पॅड अडकतो, धागे निघतात, आणि खाचेतली घाण निघतच नाही. तिथे ब्रश आणि पाणीच बरं. पण तिच्या मधल्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत जुनी मोझॅक आहे, संगमरवराच्या ठिपक्यांची, तिच्यावर हा मॉप असा काही फिरतो की बघत राहावं. ती मोझॅक कित्येक वर्षांनी चमकली आणि आई दुपारभर येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत होती.

फिनाइलवरून मात्र आमचं वाजलं. आईचं म्हणणं, "अगं, फिनाइलचा वास आल्याशिवाय पुसल्यासारखंच वाटत नाही." तिला मी सांगितलं, आई, तू टाकीत घालू नकोस, पांढऱ्या फिनाइलमध्ये तेल असतं, ते बारीक नळीत चिकटतं आणि फरशीवरही चिकट थर राहतो ज्यावर उलट धूळ बसते. शेवटी ठरलं की टाकीत साधं पाणी, फार तर फेस न होणारं क्लीनर दोन थेंब, आणि आठवड्यातून एकदा तिचं फिनाइल बाथरूममध्ये आणि मोरीत, पोतेऱ्याने. देवघरापुढेही आधी सांडलेलं कुंकू आणि रांगोळी कोरड्या फडक्याने उचलायची. कुंकवावर ओला पॅड फिरला की लाल रंग हातभर पसरतो, आणि रांगोळीची पूड दगडाचीच असते, चकतीखाली गेली तर ग्लॉसी टाइलवर ओरखडे.

धायरीला केरफरशी मावशी करतात. त्यांनी मशीन चालवून बघितलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "ताई, चांगलंय, पण मला पोतेऱ्याने लवकर होतं." आणि ते खरंय, त्यांच्या हाताच्या वेगाशी या मॉपची बरोबरी नाही. मी म्हटलं तुम्हाला जे बरं वाटेल ते घ्या. आता कंबर धरली असेल त्या दिवशी त्या मॉप घेतात, हॉल आणि पॅसेज उभ्याने होतो, किचनचा ओट्याखालचा तेलकट भाग त्या फडक्यानेच करतात. मशीन आलं म्हणून काही घरांत पगार कमी केलेले मी ऐकलंय, मला ते अजिबात पटत नाही. काम त्यांचं तेवढंच राहतं, फक्त वाकणं कमी होतं.

गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की आईकडे याचा खरा उपयोग कळतो, बादलीभर पाणी न घालवता सगळं घर पुसून होतं. फक्त बुधवारी रात्री आठवणीने चार्ज करून ठेवायचा कारण गुरुवारी लाइटचाही भरवसा नसतो. चार्जिंगला गॅलरीत उन्हात ठेवू नका, बॅटरी उष्णतेने लवकर मरते.

पॅड वापरून झाले की लगेच काढायचे, ओले तसेच मशीनला ठेवले तर दुसऱ्या दिवशी कुबट वास सगळ्या घरात. कोमट पाणी, थोडी पावडर, सुती कपड्यांपासून वेगळे धुवायचे कारण सुती कपड्यांचे सुटे तंतू सगळे त्यांनाच चिकटतात, आणि सॉफ्टनर नको, त्याने धागे बुळबुळीत होऊन पाणी शोषत नाहीत. जुलै ऑगस्टमध्ये पॅड दोन दोन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे जास्तीचे लागतातच. बरोबर आलेले संपल्यावर मी बोहरी आळीतून मायक्रोफायबरचं कापड आणि वेल्क्रो आणून शिवून घेतले. चकतीवर वेल्क्रोची काटेरी बाजू असते, तेव्हा पॅडला मऊ बाजू लावायची, आणि कापड चकतीपेक्षा बोटभर मोठं कापायचं म्हणजे कडेचं प्लास्टिक फरशीला घासत नाही. आईच्या मोझॅकला हे शिवलेलेच पॅड जास्त चांगले चालतायत, थोडे जाड आहेत म्हणून असेल.