सपाटीवर हाड कसं मोडलं?

न्यू जर्सीच्या मराठी मंडळींत मी आता सायकलवाला म्हणून कमी आणि सपाट जमिनीवर कॉलरबोन मोडून घेतलेला माणूस म्हणून जास्त ओळखला जातो. अलेअर स्टेट पार्कच्या रानवाटांवर मी माउंटन बाइक चालवतो, म्हणून प्रश्न ठरलेला आहे. "अहो, अलेअरला ना? तिथे डोंगरच नाही, मग हाड मोडलं कसं?" त्याला जोडूनच दुसरा येतो, "उत्तरेला एवढे डोंगर पडलेत, तिकडे का नाही जात?" आजवर "झालं असंच" म्हणून वेळ मारून नेली. पण तुम्ही परत विचारलंत, म्हणून यावेळी सगळं सांगतो. पुढच्या कोजागिरीला दुसरा विषय काढा.

अलेअरला चढ म्हणावा असा चढ नाही, हे कबूल. सगळा किनाऱ्याकडचा वालुकामय पट्टा, समुद्र गाडीने फार तर वीस मिनिटांवर. रान म्हणजे पिच पाइन, ओक आणि मधे मधे काटेरी वेली. पाऊस पडला तरी वाळू पाणी झटकन पिऊन टाकते, त्यामुळे उत्तरेकडच्या वाटा चिखलात असतात तेव्हा इथे खुशाल चाक फिरतं. पण वाट? हातभर रुंद. सरळ अशी ती जातच नाही. डावीकडे वळली की लगेच उजवीकडे, मग मुळं, मग भुसभुशीत वाळू, मग दोन खोडांमधली फट. माझ्या सायकलचं हँडल 780 मिलिमीटरचं होतं. काही फटी त्याच्याहून जेमतेम चार बोटं जास्त.

डोंगरात चढताना दम लागतो आणि उतरताना तो परत मिळतो. सपाटीवर उतार नाही, म्हणजे फुकट काहीच नाही. प्रत्येक वळण थोडा वेग खातं आणि तो पायांनीच भरून काढावा लागतो. तासभर छाती धडधडतच राहते. शिवाय नजर कायम पुढच्या वळणाच्या शेवटाशी ठेवायची. झाडाकडे बघितलं की सायकल झाडाकडेच जाते. वळण्याआधी ब्रेक, मग बाहेरचा पाय खाली, सायकल आडवी करायची आणि आपण सरळ राहायचं. वाळूत पुढच्या चाकावर भार टाकला की चाक रुततं, पॅडल थांबवलं तरी रुततं. दाखवायला मात्र काही नाही. ना शिखर, ना झेंडा, ना ढगांवरचा फोटो.

आणि मला फोटोचं वेड नव्हतं असं कुणी समजू नका. मी सह्याद्रीतला. विशीत दर शनिवार-रविवार कुठला तरी गड. कळसूबाई 1646 मीटर, आणि न्यू जर्सीचं सर्वांत उंच टोक 550. या आकड्यांवरून मी या राज्याला इथे आल्या आल्या हसून घेतलं होतं. तो मुलगा आज मंडळात भेटला असता तर त्यानेही तुमचाच प्रश्न विचारला असता, तोही जास्त कुत्सितपणे. त्याला गप्प करेल असं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

आता त्या दिवसाचं. नोव्हेंबर होता, पाइनच्या सुया ओल्या. वेग सांगितला तर तुम्ही हसाल, ताशी पंधरा किलोमीटर असेल. डाव्या वळणात सुयांखालच्या मुळावरून पुढचं चाक चार बोटं सरकलं. तेवढं पुरलं. हँडलचं उजवं टोक खोडाला लागलं, चाक फाटकन उजवीकडे वळलं आणि मी खोडाच्या पलीकडे खांद्यावर आपटलो. आवाज आधी ऐकला, कळ मागून आली.

मागून येणारा एक अनोळखी माणूस थांबला. त्याने माझ्या जॅकेटची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि दोन्ही सायकली स्वतः ढकलायला घेतल्या. इथली वाट एवढ्याशा रानात स्वतःभोवतीच गुंडाळलेली आहे. झाडांतून गाड्यांची दारं आपटल्याचे आवाज येत होते, इतका पार्किंग लॉट जवळ. तो म्हणाला, सरळ रानातून घुसू या. पण मधे काटेरी वेलींचं जाळं होतं आणि एका हाताने ते पार होणं शक्य नव्हतं. म्हणून वाटेनेच निघालो. आवाजाच्या दिशेने दहा पावलं, की वाट पाठ फिरवायची. परत जवळ, परत लांब. ज्या वळणांवर मी वर्षानुवर्षं खूश होत आलो, ती सगळी एकेक करून चाललो, कोपर पोटाशी धरून, प्रत्येक मुळावर हाडाची दोन टोकं एकमेकांवर घासत. दूर पार्कातल्या जुन्या रेल्वेगाडीची शिट्टी वाजली. मुलांची फेरी निघाली असावी. मला तेव्हा दुखण्यापेक्षा राग जास्त होता, आणि घरी काय सांगायचं याची लाज. कड्यावरून पडलो असतो तर सांगता आलं असतं. पार्किंग लॉट ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव हॉस्पिटल रोड. हा विनोद माझा करून झाला आहे, तुम्ही कष्ट घेऊ नका.

हाड मधोमध तुटलं होतं. हात झोळीत बांधून घरी पाठवलं. तिथे अजून गाठ लागते. हँडल दोन्ही बाजूंनी वीस-वीस मिलिमीटर कापलं. बायको म्हणाली, "झाडं तेवढीच आहेत ना?" आहेत.

गोचिडींचंही विचारता, तर भीती खरी आहे. मे ते जुलैत लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडींची पिल्लं खसखशीएवढी असतात, आल्या आल्या गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली बघावं लागतं. एक दिवसाच्या आत काढली तर धोका बराच कमी होतो. मी जातो म्हणून तुम्ही घाबरता, आणि मग त्याच रानाकडेला सहलीला येऊन गवतात चादर पसरता!

आणि ते रान काही अनादी नाही. 1822 मध्ये जेम्स अलेअरने ही जागा घेतली, दलदलीतलं लोखंड इथे वितळवलं, त्यासाठी झाडं तोडून कोळसा केला. भट्टी 1840च्या दशकात थंडावली. मला भट्टीभोवतीच्या त्या जुन्या गावात फिरायला आवडतं, पण सायकल घेऊन नाही.

राहिला दुसरा प्रश्न, उत्तरेच्या डोंगरांचा. गेलो होतो. मुलाच्या हट्टापायी व्हर्ननच्या बाइक पार्कला. लिफ्टमध्ये सायकल टांगून वर जायचं आणि नुसतं खाली यायचं. मी नाक मुरडतच गेलो, आणि दिवसभर पोरासारखा ओरडत उतरलो. परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, तू तिथे हसतोस. अलेअरला कधीच हसत नाहीस." मी म्हटलं, तिथे हसायला फुरसत कुठे असते? त्याने फोनमधून मान वर काढली नाही. येत्या शनिवारी मी अलेअरला जाणार आहे, तो येणार नाही म्हणतोय.