कॅम्परव्हॅनने नांदूर मध्यमेश्वर : माझा अनुभव

नाशिकपासून जेमतेम 40 किलोमीटर, त्याला कॅम्परव्हॅन कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. पण पक्षी बघायचे तर उजाडताना पाण्याजवळ हवं, आणि सासूबाईंना पहाटे चारला उठवून न्यायचं माझ्या जिवावर येतं. गाडीतच झोपलं की प्रश्न मिटला.

बुकिंग मोबाइलवर झालं, अनामतही भरली. गाडी घ्यायला दुपारी दोनला बोलावलं होतं. "वॉशिंगला गेलीय मॅडम, दहा मिनिटं." दहा मिनिटांचे चार वाजले. मग गाडी आली ती पांढऱ्या पाटीची! स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी म्हणजे खासगी; ती भाड्याने देणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. काउंटरवरचा मुलगा हसला. "सगळे हीच नेतात मॅडम. कोणी अडवलं तर पाहुण्यांची आहे म्हणायचं." ह्यांनी माझ्याकडे 'जाऊ दे ना' अशा नजरेने बघितलं. मी म्हटलं, काळ्या पाटीची द्या नाहीतर पैसे परत द्या, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत ठाण मांडलं. फोनाफोनी सुरू झाली. मालक "निघालेतच" होते. रात्रीसाठी आणलेली थालीपिठं सासूबाईंनी तिथेच सोडली. दिवेलागणीला काळ्या पाटीची गाडी आली, टपावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. म्हणजे ती जवळच कुठेतरी उभी होती, द्यायची नव्हती एवढंच! बुकिंगआधी पाटीचा फोटो आणि आरसी मागून घ्या. देत नसतील तर तिथे जाऊच नका.

संध्याकाळचे पक्षी गेलेच. पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. चापडगावच्या अलीकडे एका द्राक्षबागायतदार दादांनी शेडसमोर गाडी लावू दिली, वर वहिनींनी चहा दिला. तुम्ही मात्र जागा आधी ठरवून जा. आणि निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका: पहाटे बागेत शेकोट्या पेटल्या होत्या आणि आमच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं. खिडकी बोटभर उघडी ठेवायची.

सकाळ मात्र वसूल. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत जाऊन ही पाणथळ झाली; रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेल्याचं 2020 मध्ये जाहीर झालेली महाराष्ट्रातली ही पहिली. चित्रबलाक सासूबाईंना दुर्बिणीशिवायच दिसले. एक जांभळी पाणकोंबडी अगदी काठाशी होती, पायाच्या लांब बोटांत देठ धरून तो ऊस सोलल्यासारखा सोलत होती. मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी वरून गेला की वारकरी पाणपक्ष्यांचा अख्खा थवा पाण्यावर धावत सुटायचा.

गावातला गाइड घ्याच. पाण्याची पातळी खालीवर झाली की पक्षी जागा बदलतात, आज कुठे बसलेत ते त्यालाच ठाऊक असतं.

अनामत परत आली, पण "चिखल धुण्याचे" पैसे कापून. ती धूळ कोणाच्या खात्यात धरली, असं मी विचारलंय. पावतीही मागितलीय. अजून एकाचंही उत्तर नाही.